यादीतलं पाचवं बोरगाव

मी असल्या गोष्टींना मानत नाही, हे आधी सांगून टाकते. माझा नवरा ज्या खाटेवर गेला, त्याच खाटेवर मी चौदा वर्षं झोपते. काही येत नाही, काही जात नाही. पाय दुखतात, तेवढंच. तुमच्या या सदरातले अनुभव माझी नातसून दीपाली मला वाचून दाखवते. त्यात पांढऱ्या साडीतल्या बाया फार असतात. पांढरी साडी मीही नेसते, मला बघून अजून कुणी पळालेलं नाही.

माझ्या अनुभवात बाई नाही, आवाज नाही, अंधारही नाही. भर दुपारी तीन वाजता, बेंबळीत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत घडलेली गोष्ट आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली. हे वहीत मी लिहिलं आणि दीपालीनं टाइप केलं. ऱ्हस्व-दीर्घ तिनं सुधारलं, बाकी कशाला हात लावू दिला नाही.

आधी दीपालीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ती एम.ए. झालेली आहे. सकाळी शिकवण्या घेते आणि दुपारी लॅपटॉपवर एका ज्ञानकोशात लिहिते. इंटरनेटवरचा ज्ञानकोश. त्यात कुणीही लिहावं, चुकलं तर दुसऱ्यानं सुधारावं, अशी रीत. पगार नाही. "मग कशाला डोळे फोडतेस?" असं मी पहिल्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, "आजी, आपल्याकडच्या गावांची माहितीच नाही हो कुठं."

तिच्या कामाचा एक भाग असा, की एकाच नावाची बरीच गावं असली तर गोंधळ होतो. कुणी नुसतं "बोरगाव" टाकलं तर भलत्याच जिल्ह्यातलं बोरगाव पुढं यायचं. म्हणून ती एक वेगळं पान करत होती. त्यावर सगळ्या बोरगावांची यादी, प्रत्येकापुढं कंसात तालुका. ज्याला जे हवं त्यानं ते उघडावं. या पानाला ते लोक निःसंदिग्धीकरण म्हणतात. हा शब्द सरळ म्हणायला मला दोन दिवस लागले. एसटी स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस हेच काम करतो — "कोणतं बोरगाव, मावशी?" — पण त्याला असलं नाव कुणी दिलं नाही.

त्या कंसावरून आमचं वाजलं होतं.

"तालुका कोण इचारतंय?" मी म्हटलं. "लोक म्हणत्यात बाजाराचं बोरगाव, मारुतीचं बोरगाव. तसं लिही की."

"आजी, त्याला संदर्भ लागतो. छापलेलं काहीतरी."

"म्या संदर्भ न्हाय व्हय?"

"तुम्ही संदर्भ नाही, तुम्ही आजी."

आता जैतूनचं. जैतूनबी आमच्या गल्लीत चार घरं सोडून राहते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, मला आक्का म्हणते. आमची ओळख पन्नास वर्षांची, त्यातली पाच वर्षं आम्ही बोलत नव्हतो, कोंबड्यांवरून. तिचा जन्म झाला आणि पाठोपाठ तिची आई गेली. बाप तिला बेंबळीत खालाच्या, म्हणजे मावशीच्या, पदरात टाकून निघून गेला तो परत आलाच नाही. खालाही जैतून आठ-नऊ वर्षांची असताना वारली. आईची कबर कुठं, तर बोरगावला — एवढा एकच शब्द तिच्याकडं उरला होता.

या पौषात तिचा मुलगा तिला कायमचं सोलापूरला नेणार होता. इथलं घर विकायचं ठरलं होतं. गुडघे गेलेले, एका डोळ्यानं कमी दिसतं. ती मला म्हणाली, "आक्का, एकदा तिकडं गेले की गेले. अम्मीच्या कबरीवर मूठभर माती घालून जायचंय बघ मला. दुसरं काय न्हाय."

चार वर्षांपूर्वी असंच एकदा लातूरकडच्या एका बोरगावात तिला कबर सापडली होती. तिथल्या एका म्हाताऱ्यानं छातीठोक सांगितलं — बाळंतपणात गेलेली बाई, बेंबळीकडची, नाव मेहरूनबी. जैतून हरखून गेली. आईचं नावही तिला तेव्हाच पहिल्यांदा मिळालं. खालानं कधी नाव घेतलं नव्हतं, "तेरी अम्मी" एवढंच म्हणायची. मग दोन वर्षं ही बाई मुलाला घेऊन तिथं जायची. त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणं बायका कबरस्तानात शिरत नाहीत, म्हणून भिंतीबाहेर उभी राहून फातिहा, म्हणजे गेलेल्यासाठीची दुआ, पढायची. आत मुलगा चादर घालायचा. एक दिवस तिथं उमरग्याची माणसं भेटली. मेहरूनबी त्यांची आजी निघाली. तीन नातू, पाच पणतू, सगळा पुरावा घेऊन उभे.

घरी येऊन जैतून आधी हसली. "दोन वर्षं त्या बाईला फुकट फातिहा मिळाला, आक्का. तिचं तर भलं झालं." मग दोन दिवस जेवली नाही. कबर गेली त्याचं तिला कमी वाईट वाटलं. नाव गेलं त्याचं जास्त. दोन वर्षं तोंडात बसलेलं नाव दुसऱ्याच्या आजीला परत द्यायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं.

म्हणून मी दीपालीच्या यादीवरून सगळी बोरगावं वहीत उतरवून घेत होते. जैतून जायच्या आत एकेक विचारून बघू, असा बेत.

आता ती दुपार. मार्गशीर्ष लागलेला. दीपालीनं दिवाणावर लॅपटॉप उघडून दिला, यादी पुढं आणली आणि सांगितलं, "आजी, कशाला हात लावू नका, नुसतं बघून लिहा." ती चहा टाकायला आत गेली. घरात आम्ही दोघीच. मी वाचताना बोट ठेवून वाचते. एक अक्षर बघायचं, एक अक्षर लिहायचं. सगळं लिहून झालं की मग वाक्य कळतं. शाळेत गुरुजींनी यासाठी मारलं होतं, पण सवय गेली नाही.

चार ओळी लिहिल्या. चार गावं, चार तालुके. खाली पाचवी होती, तीही लिहिली. लिहून झाल्यावर वहीत वाचली. ती अशी होती —

बोरगाव (चुन्याचे) – तालुका कळंब, येरमाळ्याच्या शिवेलगत. बेचिराख. चिंचेखाली सात कबरी, उगवतीकडून तिसरी बाईची.

मला आधी राग आला. मी आतल्या दिशेनं ओरडले, "दीपे! माझ्या मारुतीला संदर्भ लागतो आन् तुझ्या चुन्याला न्हाय लागत व्हय?"

"कुठला चुना?"

"हे पाचवं बोरगाव."

ती कप घेऊन बाहेर आली. तोवर स्क्रीन काळा पडला होता, तो थोडा वेळ हात लावला नाही की पडतोच. तिनं बोट लावलं. यादी आली. चारच ओळी.

"पाचवं कुठंय, आजी?"

मी वही पुढं केली. तिनं वाचलं, परत स्क्रीन बघितला, परत वही. त्या ज्ञानकोशात प्रत्येक पानाचा इतिहास असतो म्हणे. कुणी, कधी, काय बदललं, सगळं तिथं राहतं, काढून टाकलेलंही राहतं. तिनं तो उघडला. शेवटचा बदल तिचाच, आदल्या दिवशीचा. दुसऱ्या कुणी त्या पानाला हात लावलेला नव्हता.

"तुम्हाला वाटलं असेल…" ती म्हणाली.

"वाटलं म्हंजी? मला वाटायला काय झालंय?"

"बेचिराख म्हणजे काय?" तिनं मग हळूच विचारलं.

बेचिराख म्हणजे ओस गाव. वस्ती उठून गेलेली असते, पण सरकारी कागदावर नाव आणि शिवार राहतं. निजामाच्या काळापासूनचा शब्द. माझे सासरे कोतवाल होते, त्यांच्या तोंडी असायचा. तेव्हा शंका घेणाऱ्यांना आधीच सांगते : शब्द मला माहीत होता. गाव माहीत नव्हतं. येरमाळ्याला मी येडाई देवीच्या दर्शनाला गेले आहे, चुन्याचं बोरगाव मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. दीपाली तर नगरची, तिला इथलं बेंबळी सोडून काही माहीत नाही.

आता जैतूनला सांगायचं की नाही? दीपाली म्हणाली, "नका सांगू. परत चुकीचं निघालं तर?" तिचं खरं होतं. एकदा आई मिळून गेलेली बाई, तिला परत तेच कशाला… मी चार दिवस गप्प बसले. मला गप्प बसायची सवय नाही. जैतूननं दोनदा विचारलं, "आक्का, तुझं पोट बिघडलंय का?"

त्या चार दिवसांत दीपालीनं कुठून कुठून जुन्या याद्या काढल्या. गावांच्या एका जुन्या छापील यादीत तिला सापडलं — बोरगाव, तालुका कळंब, वस्ती नाही. बस, एवढंच. चुना नाही, चिंच नाही, कबरी नाहीत. पण गाव होतं. ती ते वाचून माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, "बघत काय बसतीस, चल."

जैतूनच्या घरी गेलो. अर्धं सामान बांधलेलं, ती पोत्यावर बसून लसूण निवडत होती. मी काही लपवलं नाही. ओळ दिसली, गेली, वहीत राहिली — जसं झालं तसं सांगितलं आणि वही वाचून दाखवली.

कबरी राहिल्या बाजूला. म्हणाली, "मागचं वाच. कशाचं बोरगाव?"

"चुन्याचं."

लसणाचं सुपडं तिनं खाली ठेवलं. मग जे सांगितलं ते पन्नास वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. खालानं तिला एकदा दटावून सांगितलं होतं — तुझ्या बापाच्या बोटांना कातडं नव्हतं, हे कुणापुढं बोलायचं नाही, लग्न मोडेल. जैतूनला वाटायचं, बाप महारोगी होता. तिनं ते नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. मुलं लहान असताना त्यांची बोटं रोज तपासायची म्हणाली, न्हाऊ घालताना, कुणाला कळू न देता.

"अगं, चुना भाजणाऱ्याचे हात तसलेच असत्यात," मी म्हटलं. "आमच्या माहेरी भट्टीवर एक जण व्हता. चार दिवस भाकरी मोडता यायची न्हाय त्याला."

"व्हय?"

"तर काय. कातडं खातो चुना."

तिनं आपलीच बोटं एकेक करून चाचपली. मग म्हणाली, "आक्का, चुकीचं निघालं तरी चालंल. जाऊ."

मुलाला तिनं सांगितलं नाही. तो आधीच एकदा चादर घालून फसला होता. आम्ही तिघी सकाळच्या एसटीनं धाराशिवला, तिथून येरमाळ्याला उतरलो. हायवेवर चहा घेतला. मी येडाईच्या डोंगराकडं हात जोडले.

"माझंबी सांग तिला," जैतून म्हणाली.

"तुझं तू सांग. तिला काय, सगळ्यांचं कळतं."

रिक्षावाल्याला बोरगाव म्हटल्यावर त्यानं डोकं खाजवलं. चुन्याचं म्हटलं तरी खाजवलं. शिवेपर्यंत सोडतो म्हणाला. पुढं पायवाट. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी. हरभऱ्यात एक बाई खुरपत होती, चाळिशीची असेल. दीपालीनं विचारलं, "मावशी, इथं जुनं गाव होतं का कुठं?"

"गाव कुठलं? रान हाय सगळं." तिनं आमच्या तिघींकडं नीट बघितलं, जैतूनच्या बुरख्याकडंही. "पल्याड चुन्याचा माळ हाय, त्यो बघायचा का? तितं काय न्हाय पर. चिंच हाय एक."

दीपालीनं माझा दंड इतका जोरात धरला की संध्याकाळी तिथं हिरवं पडलं होतं.

माळ म्हणजे चुनखडीचा. दगडांनी बांधलेला एक गोल खड्डा, विहिरीसारखा पण उथळ, आतून भाजून काळा पडलेला. भोवती पांढरे खडे. पलीकडं चिंच. चिंचेखाली कबरी — मी मोजल्या, दीपालीनं मोजल्या. सात. सहा म्हणजे नुसत्या दगडांच्या ओळी, त्यात काटेरी झुडपं उगवलेली. एकीवर चुन्याचा गिलावा होता. तडकलेला, निम्मा उडालेला, पण होता. उगवतीकडून तिसरी.

मी तिथं उभी राहून हिशेब लावत होते. चुन्याचं गाव असून सहा कबरींना चुना नाही. गरिबाचा चुना विकायला असतो. मग या एकीला कुणी लावला? ज्याच्या हाताला चुना होता आणि जो त्या दिवशी विकायला गेला नाही, त्यानं. तो जैतूनचा बाप असेल. दुसऱ्या कुणाचाही असेल. हे मी तिला सांगितलं, तिथंच. परत कुणाच्या आजीला आई म्हणू नये म्हणून.

ती दहा पावलांवर थांबली होती. "आक्का, हद्द कुठली इथली?"

"कशाची हद्द?"

"कबरस्तानाची. कुठवर यायचं मी?"

भिंत नव्हती, कुंपण नव्हतं. मी म्हटलं, "तुझी चप्पल काढ आन् ये. इथं कोण बसलंय हाकलायला?"

तिनं चप्पल काढली. गुडघे धरत खाली बसली, गिलाव्याला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा कबरीला हात लावत होती ती. मग फातिहा पढायला हात वर केले आणि थांबली. ज्याला पोचवायचं त्याचं नाव मनात घ्यावं लागतं, म्हणाली. तिला नाव माहीत नव्हतं. मेहरूनबी तोंडाशी यायची, ती गिळत होती. मी बघत होते, ओठ हलायचे आणि थांबायचे.

शेवटी म्हणाली, "जैतूनची अम्मी." आणि पढली.

मूठभर माती घातली. आम्ही बरोबर नेलेली साखर वाटली, त्या खुरपणाऱ्या बाईलाही दिली. तिनं कशाची म्हणून विचारलं नाही. परत येताना जैतून हायवेवर मला म्हणाली, "बायकोच्या कबरीला गिलावा करणारा माणूस लेकीला टाकून का गेला असंल गं?"

"मला काय ठाऊक."

"हात तसले आन् तान्ही पोर… कशी उचलणार," ती म्हणाली. मला नव्हे, स्वतःलाच.

पौषात ती सोलापूरला गेली. जाताना माझ्या वहीतलं ते पान फाडून घेऊन गेली. दीपालीला फोटो काढायचा होता, पण जैतून थांबली नाही. तेव्हा मला पुरावा मागू नका, तो सोलापूरला पत्र्याच्या पेटीत आहे. दीपालीनं ज्ञानकोशाच्या यादीत पाचवी ओळ घातली : बोरगाव, तालुका कळंब, बेचिराख. छापील संदर्भासकट. चुन्याचं घालता आलं नाही. तिच्या नियमाप्रमाणं ते कुणीच कुठं लिहिलेलं नाही.

मग मी काय बघून लिहिलं? डोळ्यांच्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, मोतीबिंदूत अक्षरं पुसट होतात, नवी येत नाहीत. दीपाली म्हणते, लहानपणी कुणाकडून ऐकलेलं डोक्यात राहिलं असेल. असेल. पण कुणाकडून? माझ्या माहेरची माणसं कधी येरमाळ्याकडं फिरकली नाहीत, आणि सासऱ्यांनी मला भाकरी वाढ याखेरीज काही सांगितलेलं आठवत नाही. जैतूनची अम्मीच आली म्हणावं, तर त्या बाईला लिहिता येत असेल असं वाटत नाही, आणि येत असतं तर तिनं तालुका कशाला लिहिला असता? मला उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यात कुणाला सापडलं तर लिहा, पण पांढऱ्या साडीवर जाऊ नका.

दर शुक्रवारी दुपारी जैतूनचा फोन येतो. नातवाची तक्रार, सुनेची तक्रार, सोलापूरच्या पाण्याची तक्रार. शेवटी विचारते, "आक्का, बघितलंस का?" तिला वाटतं, ज्यानं एवढं लिहिलं तो कधीतरी अम्मीचं नावही लिहील.

मी मानत नाही. तिला तसं सांगितलंही आहे. पण फोन यायच्या आधी दीपालीकडून ते पान उघडून घेते, तिला बाहेर जायला सांगते आणि बोट ठेवून, एकेक अक्षर बघत, सगळी यादी पुन्हा वहीत उतरवते. पाच ओळी होतात. मग थोडा वेळ पेन्सिल हातात धरून बसते.

"न्हाय आलं अजून," मी सांगते.

"बरं," ती म्हणते. "पुढच्या जुम्म्याला बघ."